बंधाऱ्याची जागा नकाशावर शोधताय? या चुका टाळा

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरचे चार व्हिडिओ बघून लगेच "सर, जागा सापडली" असा मेसेज टाकणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

पहिली चूक म्हणजे उंचीच्या फाइलवर आंधळा विश्वास. एसआरटीएम, म्हणजे अंतराळयानातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचं मोजमाप फेब्रुवारी 2000 मधलं, त्यातला एकेक चौकोन 30 मीटरचा. आपला आठ-दहा मीटरचा नाला त्यात हरवतो. रेल्वेचा उंच भराव मात्र उमटतो, आणि त्याखालची मोरी उमटत नाही. सुरत-भुसावळ लाइनीलगत, अमळनेरकडे, एका पोराने अशीच 'एक नंबर' जागा काढली होती. भरावाला टेकून भलामोठा खोलगट भाग, पाणी तिथेच तुंबणार म्हणे. अंदाजपत्रकाची तयारीही सुरू झालेली. जागेवर गेलो तर बैलगाडी निघेल एवढी मोरी! कापूस वेचणारे बाबा हसले, "आठे पानी ऱ्हास नही भाऊ, निंघी जास." (इथे पाणी राहत नाही, निघून जातं.) मी आधी गुगल अर्थवर मोऱ्या शोधतो, तेवढा भराव उंचीच्या थरातून कापतो, मगच 'फिल सिंक्स' (उंचीच्या फाइलमधले खोटे खड्डे बुजवणारं साधन) चालवतो. वेळखाऊ आहे, पण दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

उतार सगळीकडे 89 अंश दिसतोय? फाइल अजून अक्षांश-रेखांशात आहे. ती मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम झोन 43 उत्तर या प्रणालीत आणा.

माझा खरा राग 'वेटेड ओव्हरले'वर, म्हणजे प्रत्येक थराला गुण देऊन त्यांची बेरीज करून जागा निवडण्यावर. कुठल्यातरी शोधनिबंधातून उताराला इतके गुण, मातीला तितके, असं उचलायचं आणि बटण दाबायचं. राजस्थानच्या वाळूचे गुण साक्रीच्या काळ्या पाषाणाला कसे लागतील? धुळे-नंदुरबारकडे बेसाल्टात, म्हणजे काळ्या पाषाणात, डाइकच्या (भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या) उभ्या भिंती आहेत. घट्ट डाइक जमिनीखालचं पाणी अडवतो, भेगाळलेला वाहून नेतो. डाइकच्या खालच्या अंगाला बांधलेल्या पाझर तलावाचा वरच्या विहिरींना काय उपयोग? चोपडा, यावल, रावेरकडे खेळच वेगळा. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा थर पाणी पितो, तापीकडे सरकलं की चिकणमाती लागते. नाले खोल-रुंद करून पाणी जिरवणारा शिरपूर पॅटर्न गाजला म्हणून दिसेल तो नाला खोल करायचा नसतो. मी मे महिन्यात आसपासच्या विहिरी वाकून बघतो. मुरूम किती, मांजऱ्या खडक कुठे, पाणी कोणत्या थरातून झिरपतं, ते कडेलाच दिसतं. गुण त्यानंतर ठरवतो.

शेततळं आणि पाझर तलाव यांना एकच नकाशा वापरू नका. एकाला पाणी धरणारी जमीन लागते, दुसऱ्याला सोडणारी.

आणि गट नंबर टाकून सातबारा आधी बघा. जमीन वनखात्याची निघाली तर परवानगीतच पुढचा पावसाळा जातो.