संस्कृत घेऊन केल्टिक अभ्यासाकडे येणाऱ्यांसाठी

संस्कृतची पदवी घेतलेले आणि आता केल्टिक, म्हणजे आयर्लंड, वेल्स अशा भूमींवरील जुन्या पुराणकथांकडे वळू पाहणारे विद्यार्थी मला पत्र लिहितात, तेव्हा बहुतेक पत्रांत एक प्रश्न हमखास असतो: आयरिश देवांची माता डानू आणि ऋग्वेदातील दानू या मुळात एकच ना? हा प्रश्न वाचला की आजही माझ्या पोटात खड्डा पडतो, कारण याच प्रश्नापायी परदेशातले माझे पहिले सत्र वाया गेले आणि त्या सत्राचे शुल्क घरच्यांनी कर्ज काढून भरले होते.

मी चाळीस पानांचा निबंध लिहिला होता. आयरिश कथांतील देवगण ‘तुआथा डे डानन’, म्हणजे डानू देवीचे लोक, ऋग्वेदात दानू, युरोपात डॅन्यूब नदी, म्हणून एक प्राचीन नदीमाता, अशी मांडणी होती. निबंध परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलेला होता: ‘हे नाव प्रथमा विभक्तीत कोणत्या हस्तलिखितात, कोणत्या पानावर आहे?’ मी तीन आठवडे शोधत राहिले. ते पान मला सापडले नाही, कारण तसे पान नाहीच.

हे नीट समजून घ्या, मी जरा लांबण लावणार आहे. ‘डानन’ हे षष्ठीचे रूप आहे. त्यावरून मागे जात आधुनिक अभ्यासकांनी ‘डानू’ ही प्रथमा तयार केली. मध्ययुगीन लेखनिकांनी ती कुठे लिहून ठेवलेली नाही. जुन्या संहितांत या मंडळींना नुसते ‘तुआथ डे’, म्हणजे देवाचे किंवा देवांचे लोक, म्हटलेले आढळते आणि हाच शब्दप्रयोग ख्रिस्ती लेखक बायबलातील इस्राएली लोकांसाठीही करत होते. ‘डानन’ हे पद पुढे जोडले गेले. कॉर्मकच्या नावावर असलेल्या जुन्या शब्दकोशात आयरिश देवांची माता म्हणून ‘अनू’ येते आणि केरी परगण्यातील दोन जुळ्या टेकड्यांना आजही तिचे स्तन म्हणतात. म्हणजे तुलनेची आयरिश बाजूच अजून पक्की झालेली नसते. आता आपली बाजू पाहा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील बत्तिसाव्या सूक्तात दानू ही वृत्राची आई आहे. इंद्राने मारल्यावर ती मुलापाशी पडून राहते, ‘दानुः शये सहवत्सा न धेनुः’, वासरासह पडलेल्या गाईसारखी. ती देवांची नव्हे, देवांच्या शत्रूची माता आहे. ही ओळ मला पाठ होती, वर्गात मी ती म्हणूनही दाखवली होती, आणि तरीही निबंध लिहिताना तिचा अर्थ मी बाजूला सारला, कारण नावातला नाद फार गोड होता. नदीवाचक शब्दाचे मूळ एक असू शकते. त्यावरून देवी एक ठरत नाही.

हे वाचून धीर सोडू नका. संस्कृत येत असेल तर या अभ्यासात तुमच्या हाती जे असते ते इतरांना वर्षभर घासूनही चटकन मिळत नाही. मात्र ते व्याकरणात कामाला येते, देवांच्या नावांत नाही. जुन्या आयरिशमध्ये ‘केन्न’ म्हणजे डोके. ‘त्याचे डोके’ म्हणताना उच्चार ‘अ खेन्न’ होतो, ‘तिचे डोके’ म्हणताना ‘अ केन्न’च राहतो आणि ‘त्यांचे डोके’ म्हणताना ‘अ गेन्न’ होतो. तिन्ही ठिकाणी सर्वनाम नुसते ‘अ’ असते, बदलतो तो पुढचा शब्द. वर्गातील इतर मुले हा तक्ता घोकत होती. मी वहीत त्याशेजारी ‘अस्य’, ‘अस्याः’, ‘एषाम्’ असे लिहिले आणि सगळे उलगडले: पहिल्याच्या शेवटी स्वर आहे, म्हणून पुढचे व्यंजन मऊ झाले; दुसऱ्याच्या शेवटी विसर्ग, म्हणजे मुळात सकार होता, म्हणून ते तसेच राहिले; तिसऱ्याच्या शेवटी अनुनासिक होते, म्हणून ते घोष झाले. शेवटचे अक्षर झडून गेले, पण त्याचा परिणाम पुढच्या शब्दावर राहिला. संधी शिकलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळते. आयरिश ‘बेरिद’ (वाहून नेतो) म्हणजे संस्कृत ‘भरति’, हे कानालाही कळते. ‘आथिर’ म्हणजे ‘पितर्’, हे मात्र केल्टिक भाषांत आरंभीचा पकार गळतो हा नियम माहीत असेल तरच कळते. नियम हाती असला की साम्य सिद्ध करता येते, आणि नियम नसेल तर कितीही जवळचे नाव असो, त्याच्या भरवशावर प्रकरण लिहू नका.

पुनर्कथनांविषयी माझे मत कडक आहे: पहिल्या वर्षी ती कपाटात ठेवा. सुबक इंग्रजीत सांगितलेल्या कथांत सांधे बुजवलेले असतात आणि आपल्याला पाहायचे असतात ते सांधेच. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असलेल्या, बाराव्या शतकातील ‘लेन्स्टरच्या पुस्तका’त कूलीच्या गोहरणाची प्रसिद्ध आयरिश वीरकथा संपते तिथे दोन टिपा आहेत. आयरिशमधली टीप ही कथा जशीच्या तशी पाठ ठेवणाऱ्याला आशीर्वाद देते. लगेच खाली लॅटिनमध्ये लिहिले आहे की यातील अनेक गोष्टींवर माझा विश्वास नाही, काही सैतानाच्या करामती आहेत, काही कविकल्पना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. ख्रिस्ती मठांच्या विद्येत वाढलेल्या हातांनी आपल्यापर्यंत पोचवलेल्या या कथा आहेत. त्यांतून जुना धर्म थेट वाचता येत नाही, आणि ‘प्राचीन केल्ट असे मानत’ असे वाक्य लिहिण्यापूर्वी कोणत्या शतकातले, कोणत्या भूमीवरचे केल्ट, हे सांगता आले पाहिजे. गॉलमधील (आजच्या फ्रान्सच्या भागातील) शिलालेख, वेल्श गद्यकथा आणि आयरिश हस्तलिखिते यांच्यात कित्येक शतकांचे अंतर आहे.

मार्गदर्शक निवडताना मोठ्या नावामागे धावू नका. व्याख्याने गाजवणारे प्राध्यापक मला भेटले आणि त्यांनी माझ्या निबंधाची तोंडभर स्तुतीही केली. उपयोग झाला तो समासात प्रश्न लिहिणाऱ्या व्यक्तीचा, जिच्या वर्गाला आम्ही पाचच जण होतो. तुमच्या भाषांतरातील प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारणारे कोणी मिळाले तर विद्यापीठ लहान असले तरी जा.

जाण्यापूर्वी घरी बसूनही पुष्कळ होते. जुन्या आयरिशचा मोठा कोश महाजालावर विनामूल्य आहे. कॉर्कच्या विद्यापीठाने कितीतरी संहिता खुल्या ठेवल्या आहेत. डब्लिनच्या प्रगत अध्ययन संस्थेने, जिचे केल्टिक विद्यालय १९४० पासून आहे, हस्तलिखितांच्या पानांची छायाचित्रे उपलब्ध केली आहेत. एक पान उघडा, छापील संहिता शेजारी ठेवा आणि पहिल्या दहा ओळी अक्षर लावून वाचा. मला पहिल्या पानाला चार संध्याकाळी लागल्या होत्या, तेव्हा तुम्हालाही लागल्या तर घाबरू नका. आणि वाचताना ‘डानन’ भेटले, तर ते कोणत्या विभक्तीत आहे हे वहीत आधी लिहून ठेवा.