गावकरी मंडळातली पोरं एड्सच्या कामासाठी कशी तयार करायची

गणपतीला गावी जाऊन एचआयव्ही-एड्सबद्दल बोलायचं असं मंडळाने ठरवलं असेल तर तयारी आषाढाच्या आधीच सुरू करा. आयत्या वेळी पत्रकं छापून एसटीत टाकली की ती गावात वड्या-भजी गुंडाळायला जातात. लालबाग-परळ असो नाहीतर नालासोपारा-डोंबिवली, कोकणातल्या कितीतरी वाड्यांची मुंबईत गावकरी मंडळं आहेत, खोली असते, रविवारची मिटिंग असते, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. फक्त माणसं नीट निवडायची.

आणि इथेच बरेच जण फसतात. जो माईकवर छान बोलतो त्याला पुढे करतात. माझं स्पष्ट मत आहे की या कामाला वक्ता नको, ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा माणूस हवा. पोरी निम्म्या तरी हव्यात, कारण बायका पुरुषासमोर यातलं काहीच विचारणार नाहीत. शिवाय गावात कायम राहणारं कोणीतरी पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाची अध्यक्षा, कोणीही चालेल. चाकरमानी गौरी-गणपती विसर्जन झालं की परत निघतात आणि लोकांना खरे प्रश्न त्यानंतर पडतात, तेव्हा विचारायला गावात कोणीतरी असायला हवं ना.

माहिती किती द्यायची? थोडीच, पण पक्की. एचआयव्ही हा विषाणू आणि एड्स ही त्याची उपचार न केल्याने येणारी पुढची अवस्था, हा फरक प्रत्येकाला झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. पसरायचे रस्ते चार: असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, एकमेकांची सुई-सिरिंज वापरणं आणि आईकडून बाळाला. डास चावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, संडास-पाणवठा-मिठी यातून होत नाही. जत्रेत गोंदवून घेतात त्याबद्दल हमखास विचारतात, तिथे नवीन सुई मागा एवढं सांगायचं, न्हाव्याकडे नवीन ब्लेड तसंच.

पण या सगळ्यापेक्षा जास्त वेळ औषधांवर द्या. गावातल्या मोठ्या माणसांच्या डोक्यात अजून नव्वदच्या दशकातलं चित्र आहे, माणूस मुंबईहून आला, वाळत गेला आणि संपला. २००४ पासून सरकारी दवाखान्यात एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं फुकट मिळतात, मुंबईत जेजे हॉस्पिटलला तेव्हाच सुरू झाली, आणि २०१७ पासून तर निदान झालं की लगेच औषध सुरू करायचं असं धोरण आहे. गोळ्या रोज न चुकता घेतल्या तर माणूस कामधंदा, संसार सगळं करतो, आणि रक्तातलं विषाणूचं प्रमाण तपासणीत सापडू नये इतकं खाली जाऊन तिथेच टिकलं की लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आईला उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, वेळेत उपचार मिळाले तर हा आकडा ५ च्याही खाली येतो. हे ऐकल्यावर बायकांच्या घोळक्यात जी शांतता पसरते ना, त्यानंतरच खरे प्रश्न यायला लागतात. म्हणून कवटी-हाडांची पोस्टरं लावूच नका. घाबरलेला माणूस टेस्ट करत नाही, लपवतो.

ट्रेनिंगचा एक दिवस जवळच्या आयसीटीसीसाठी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि टेस्ट करणाऱ्या सरकारी सेंटरसाठी ठेवा, पण रविवार नको, कारण रविवारी ते बंद असतं, सगळ्यांना जमेल असा दुसरा वार बघा. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांमध्ये ही सेंटरं आहेत, आधी फोन करून समुपदेशकांची वेळ घ्या. ज्यांची इच्छा आहे त्यांनी स्वतःची टेस्ट करून घ्यावी, जबरदस्ती नाही आणि रिपोर्ट कोणी कोणाला विचारायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. स्वतः तिथल्या बाकड्यावर बसलं, संमतीच्या कागदावर सही केली, की गावातल्या माणसाला तिकडे पाठवताना आपण त्याला नक्की काय करायला सांगतोय ते कळतं. पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी वेगवेगळ्या किटने मिळून तीन टेस्ट झाल्यावरच नक्की सांगतात, आणि धोका नुकताच घडला असेल तर तीन महिन्यांनी परत करावी लागते. सुई टोचली, जबरदस्ती झाली असं काही असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठायचा, जितकं लवकर तितकं चांगलं, तिथे २८ दिवसांचं औषध देतात. हा ७२ चा आकडा पाठ करून घ्या.

निरोध कसा वापरायचा हे लाकडी मॉडेलवर प्रत्येकाने स्वतः करून दाखवायचं. पहिल्यांदा हसतील, हसू द्या. एक्स्पायरी बघणं, पाकीट दाताने न फाडणं, टोक चिमटीत धरून हवा काढणं, आणि खोबरेल तेल अजिबात नाही कारण तेलाने रबर कमजोर होऊन फाटतं. ही शेवटची गोष्ट कोकणात आवर्जून सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला निम्मं ट्रेनिंग द्यावं असं मला वाटतं. दोघांना समोरासमोर बसवा, एक जण नुकताच रिपोर्ट मिळालेला माणूस, दुसरा स्वयंसेवक. समोरचा हळूच म्हणतो, "दादा, एक सांगायचं होतं, माझा रिपोर्ट तसा आलाय." आणि आपली चांगली शिकलेली पोरंसुद्धा पटकन विचारतात, "कसं काय झालं? कुठे गेला होतास?" तिथेच थांबवा. तो प्रश्न विचारायचा नाही, कधीच नाही. त्याऐवजी "बरं केलंस सांगितलंस, औषध सुरू झालं का?" इतकंच. पुन्हा करायला लावा, जोड्या बदला, बाईला पुरुषाची भूमिका द्या, जोपर्यंत तो पहिला प्रश्न तोंडातून जात नाही तोपर्यंत करत राहा.

दुसरा सराव याहून अवघड. गावात कोणीतरी विचारणारच, "आपल्या वाडीतला तो गेला ना गेल्या वर्षी, त्याला हेच होतं ना?" उत्तर एकच, मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. नुसतं हसलं किंवा मान खाली घातली तरी गावाला कळतं आणि त्या घरातल्या पोरीचं लग्न मोडतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करायला बंदी आहे, नोकरीत-शाळेत-दवाखान्यात भेदभाव करायलाही बंदी आहे, हे पोरांना सांगून ठेवा.

"ही मुंबईची घाण मुंबईवाल्यांनी आणली" असंही कोणीतरी म्हणेल. चिडायचं नाही. विषाणू शहर बघून येत नाही, संरक्षण नसलं की येतो, असं शांतपणे सांगून पुढे जायचं.

गावात गेल्यावर आधी सरपंच, मानकरी आणि आशाताईंना भेटा, मग कार्यक्रम. बायकांशी बचत गटाच्या बैठकीत, तरुण पोरांशी क्रिकेटच्या मैदानावर, मोठ्या माणसांशी रात्री भजन आटोपल्यावर सहाणेवर, म्हणजे गावाची पालखी बसते त्या चौथऱ्यावर. एकत्र सभा घेतली तर टाळ्या मिळतील, प्रश्न मिळणार नाहीत. चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, नाव न लिहिता प्रश्न टाकायचा, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी एक पोरगी बाजूला बसवा. १०९७ हा फुकट हेल्पलाइन नंबर डब्यावरच मोठ्या अक्षरात लिहा.

तालुक्याच्या दवाखान्यात ओळखीचे लोक असतात म्हणून माणूस तिथे जात नाही. त्याला सांगा की दुसऱ्या तालुक्यातल्या किंवा मुंबईतल्या सेंटरवर टेस्ट केली तरी चालते. औषध सुरू असेल आणि राहायची जागा बदलली तर एआरटी सेंटर बदलून मिळतं, आणि सणाला गावी निघायच्या आधी सेंटरवर सांगून पुरतील इतक्या गोळ्या सोबत घ्यायच्या. चाकरमान्यांचं औषध नेमकं इथेच तुटतं, घरच्यांपासून लपवायचं म्हणून डबी मुंबईतच ठेवून जातात.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी बसा. वहीत कोणाचंही नाव लिहायचं नाही, फक्त उत्तर देता आलं नाही असे प्रश्न लिहायचे. ते घेऊन समुपदेशकांकडे जा, उत्तरं आशाताईंना फोनवर कळवा, आणि शिमग्याला जाणाऱ्यांचं ट्रेनिंग त्याच प्रश्नांपासून सुरू करा.