कुत्र्याला कच्च्या मांसाहारावर आणताना: नागपूरच्या घरांसाठी

रविवारी ड्राय फूडची पिशवी संपली आणि सोमवारपासून थेट कच्चं चिकन सुरू केलं, की बुधवारपर्यंत कुत्र्याला जुलाब लागतात. मग दोष कशाचा ते कळत नाही. चिकनचा, हाडाचा, कलेजीचा की नुसत्या घाईचा? म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच नियम आहे: एका वेळी एकच बदल करा, आणि शी घट्ट झाल्याशिवाय पुढच्या बदलाला हात लावू नका.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पशुवैद्यकांची जागतिक संघटना डब्ल्यूएसएव्हीए आणि अमेरिकेची एव्हीएमए, दोघीही कच्च्या मांसाची शिफारस करत नाहीत. साल्मोनेला, ई. कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू पोटात असूनही कुत्रा ठणठणीत दिसतो, आणि शीतून, लाळेतून ते घरभर पसरतात. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, फार थकलेलं म्हातारं माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल तर कच्चं नकोच. तेच मांस हाडं काढून शिजवून द्या. स्वादुपिंडाचा किंवा किडनीचा आजार असलेल्या, स्टेरॉइड चालू असलेल्या कुत्र्यांनाही नको. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांवर घरच्या अंदाजाने प्रयोग करू नका. वाढीच्या वयात कॅल्शियम कमी-जास्त झालं तर हाडं बिघडतात आणि ते नंतर भरून निघत नाही. निरोगी मोठ्या कुत्र्याचीही सुरुवातीला रक्ततपासणी करून घ्या. जवळचा पशुवैद्य नसेल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

किती द्यायचं

मोठ्या कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या २ ते ३ टक्के अन्न लागतं. नसबंदी झालेला, दिवसभर कूलरसमोर पडून राहणारा असेल तर २ टक्के, रोज तासभर धावणारा असेल तर ३. त्यात ८० टक्के मांस, १० टक्के खाता येण्याजोगं हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के गुर्दा किंवा तिल्ली. हा हिशोब रोजच्या ताटात काटेकोर बसवायची गरज नाही, आठवड्यात बसला की पुरे.

२० किलोच्या गावठी कुत्र्याचं उदाहरण घ्या. २.५ टक्क्यांनी रोज ५०० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला साडेतीन किलो. त्यासाठी कोंबडीच्या माना १ किलो, बिनहाडाचं मांस २ किलो १५० ग्रॅम, कलेजी १७५ ग्रॅम आणि गुर्दा किंवा तिल्ली १७५ ग्रॅम. कातडीसकट मानेत साधारण ३६ टक्के हाड असतं, त्यामुळे एक किलो मानांतून आठवड्याचं हाड पूर्ण होतं. माना मिळाल्या नाहीत म्हणून तेवढ्याच वजनाचे पंजे घेऊ नका. पंजात जवळजवळ ६० टक्के हाड असतं. ६०० ग्रॅम पुरतात आणि बाकीची भर मांसाने करायची.

दुकानात 'पोटा-कलेजी' एकाच पिशवीत मिळते आणि इथेच हिशोब हमखास चुकतो. पोटा हा स्नायू आहे, तो मांसात मोजायचा. हृदयही मांसातच. कलेजी मात्र अवयवात. ती अख्खी पिशवी 'अवयव' समजून दिली तर कलेजी किती गेली याचा अंदाजच राहत नाही. कलेजी जास्त झाली की काळपट पातळ शी होते, आणि महिनोन्महिने जास्त गेली तर अ जीवनसत्त्व अंगात साचून त्रास देतं. घरी आणल्यावर दोन्ही वेगळं करा आणि तोला.

या प्रमाणात ई जीवनसत्त्व, झिंक, मँगनीज, आयोडीन पुरेसं येईलच असं नाही. आठवड्यातून दोन-तीन अख्खी अंडी आणि दोनदा थोडा बांगडा किंवा तारली द्या. मासा मात्र वाफवून, काटे काढून. कच्च्या माशात परजीवी असू शकतात, आणि काही माशांत ब१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं. वाफवल्याने दोन्ही अडचणी मिटतात. चमचाभर शिजवलेलं कोहळं (लाल भोपळा) घातलं तर शी बांधून राहते. दोन महिन्यांनी हा सगळा आहार लिहून पशुवैद्याला दाखवा, कमतरता भरून काढायला काय द्यायचं ते तो सांगेल.

आठवड्यांचा क्रम

पहिल्या दहा दिवसांत नवीन म्हणून फक्त कातडी काढलेलं बिनहाडाचं चिकन. पहिले तीन दिवस एक चतुर्थांश चिकन आणि बाकी जुनं अन्न, पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं, नंतर तीन चतुर्थांश. साधारण दहाव्या दिवशी पूर्ण चिकन. पोट नाजूक असेल तर प्रत्येक टप्पा पाच दिवसांचा करा. या काळात हाड नसतं, म्हणून कॅल्शियमसाठी अंड्याच्या कवचाची पूड: कवचं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करायची आणि एक किलो मांसाला एक सपाट चहाचा चमचा घालायची.

शी घट्ट राहिली की हाड सुरू करा आणि पूड बंद. सलग चार-पाच दिवस ठीक गेले की कलेजी, तीही सुपारीएवढ्या तुकड्यापासून. गुर्दा, तिल्ली त्याच्या पुढच्या आठवड्यात. दुसऱ्या प्राण्याचं मांस, म्हणजे बकऱ्याचा किंवा म्हशीचा खिमा, महिना उलटल्यावरच. अंग खाजायला लागलं, कान लाल झाले तर शेवटी काय वाढवलं होतं ते लगेच सापडतं. या सगळ्या सावकाशीचा फायदा हाच.

शी रोज बघा. पांढरी, खडूसारखी, कुंथून होत असेल तर हाड जास्त आहे. काळी, चिकट असेल तर अवयव जास्त. पहिल्या दिवसांत थोडा चिकट पडदा दिसला तर घाबरू नका. शीचं प्रमाण घटणं आणि पाणी कमी पिणं हेही स्वाभाविक आहे, कच्च्या मांसात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. पण वारंवार उलटी, शीत रक्त, दोन दिवस शी न होता नुसतं कुंथणं, फुगलेलं पोट यांपैकी काही दिसलं तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा.

हाडांबद्दल थोडं कडक बोलावं लागतं. शिजलेलं हाड कधीच नाही. सावजी मटणाच्या ताटातली नळी प्रेमाने टाकली जाते, पण शिजलेलं हाड टोकदार फुटून आतडं फाडतं, आणि वर कांदा-लसणाची तर्री रक्तातल्या तांबड्या पेशी मोडते. बकऱ्या-म्हशीच्या पायाची जाड हाडं कच्चीसुद्धा नकोत, त्यावर दाढा तडकतात. लॅबसारखी न चावता गिळणारी कुत्री असतील तर माना दुकानातच बारीक करून घ्या किंवा कायम कवचाच्या पुडीवर राहा. हाड देताना कुत्र्याजवळ थांबायचं.

नागपूरचं ऊन

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कच्च्या आहाराची खरी परीक्षा तेव्हाच असते. ३२ अंशांच्या वर कच्चं मांस एका तासापेक्षा जास्त बाहेर राहू नये, आणि दुकानातून घरी येण्याचा वेळही त्यातच धरायचा. उन्हाळ्यात खरेदी सकाळी सातच्या आत उरका, सोबत बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा न्या. घरी आल्यावर मांस धुऊ नका. धुण्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर उडतात. रोजच्या मापाच्या चपट्या पिशव्या करून, तारीख टाकून फ्रीझरमध्ये ठेवा. आदल्या रात्री एक पिशवी खालच्या कप्प्यात उतरवायची, ओट्यावर ठेवून वितळवायची नाही. जेवण पहाटे आणि रात्री आठनंतर. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर भांडं उचला, उरलेलं टाकून द्या, स्टीलचं भांडं साबण आणि गरम पाण्याने घासा. दिवे गेले तर फ्रीझर उघडू नका. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर सुमारे दोन दिवस तग धरतो. वितळून कोमट झालेली पिशवी पुन्हा गोठवायची नाही.

बर्ड फ्लूची बातमी आली की कच्चं चिकन त्या दिवसापासून बंद. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट या आजाराने दगावले, आणि खाण्यातून लागण झाल्याचा संशय होता. मांजरवर्गाला हा विषाणू जास्त मारक आहे, पण कुत्रेही सुटत नाहीत. प्रशासन साथ संपल्याचं सांगेपर्यंत चिकन हाडं काढून, पूर्ण शिजवूनच.

बकऱ्या-म्हशीची कलेजी चिरण्याआधी उजेडात उलटून बघा. पाण्याने भरलेले पांढुरके फोड दिसले तर ते हायडॅटिडचे, म्हणजे एका फीतकृमीच्या अळ्यांचे, असू शकतात. ती कुत्र्याने खाल्ली तर त्याच्या आतड्यात फीतकृमी होतात, त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात आणि ती पोटात गेली तर माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात तसेच फोड तयार होतात. असा तुकडा घ्यायचा नाही, आणि गल्लीतल्या कुत्र्यांना तर मुळीच टाकायचा नाही. फोड दिसले नाहीत तरी हे अवयव उणे १८ ते २० अंशांवर दहा दिवस गोठवून मगच द्या. एका दाराच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड होत नाही. तसा फ्रीज असेल तर कलेजी आणि गुर्दा अर्धा तास उकळून द्या. उकळूनही बरंचसं पोषण शिल्लक राहतं. गोठवण्याने कृमी मरतात, साल्मोनेला मरत नाही, हेही लक्षात असू द्या. कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध लागतं. त्याचा डोस वजनावर ठरतो, तेव्हा दरवेळी कुत्र्याचं वजन करा आणि मगच पशुवैद्याकडून गोळी लिहून घ्या.