कॉर्पोरेट फायनान्स: फॉर्म्युला पाठ, तरी उत्तर चुकतंच? या चुका टाळा

एमबीएच्या पोरांना फॉर्म्युले येत नाहीत असं फारसं नसतं, घोळ होतो तो वर कुठला कॅश फ्लो घेतला आणि खाली कुठला रेट लावला याची जोडीच जुळत नाही म्हणून.

नेहमीची चूक म्हणजे व्याज दोनदा कापणं. सुरुवात नेट प्रॉफिटपासून केली, म्हणजे व्याज आधीच गेलं, आणि मग तोच आकडा डिस्काउंट करायला, म्हणजे आजच्या किमतीत आणायला, वॅक (कर्ज आणि मालकांचं भांडवल या दोन्हींच्या खर्चाची प्रमाणानुसार सरासरी) लावला, ज्यात कर्जाचा खर्च परत बसलेलाच आहे, मग चांगला प्रोजेक्टसुद्धा निगेटिव्ह दिसणारच ना. वॅक लावायचा तर कॅश फ्लो व्याजाच्या आधीचा घ्या, आणि टॅक्सही व्याज नाहीच असं धरून काढा, कारण व्याजामुळे होणारी टॅक्सची बचत वॅकमध्ये येऊन गेलेली असते. वॅकचे वेट्स, म्हणजे कर्ज आणि भांडवलाचं प्रमाण, मार्केट व्हॅल्यूचे हवेत, बॅलन्स शीटवरचे नकोत.

एक्सेलमध्ये तर भलताच सापळा आहे. आज 100 गुंतवले, वर्षाने 121 मिळाले, रेट 10 टक्के, तर एनपीव्ही (मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा गुंतवणूक) 10. पण सगळी रेंज एनपीव्ही फंक्शनमध्ये टाकली की 9.09 येतं, कारण ते पहिला आकडासुद्धा वर्षाअखेरचा धरतं. आजचा आकडा बाहेर ठेवून वेगळा मिळवायचा, बस.

आयआरआरवर (ज्या रेटला एनपीव्ही शून्य होतो, तो रेट) डोळे झाकून विश्वास ठेवू नका. उणे 100, मग 230, मग उणे 132 घेऊन बघा, आयआरआर 10 टक्केही येतो आणि 20 टक्केही, एक्सेल मात्र त्यातला एकच दाखवतं आणि आपण तोच लिहून मोकळे होतो. कॅश फ्लोचं चिन्ह दोनदा बदललं की सरळ एनपीव्हीकडे वळा.

टर्मिनल व्हॅल्यू (अंदाजाच्या वर्षांनंतरच्या सगळ्या कॅश फ्लोची मिळून किंमत) हे तर मनासारखं उत्तर काढायचं हक्काचं ठिकाण झालंय. पुढच्या वर्षीचा कॅश फ्लो 100, वॅक 8 टक्के, ग्रोथ 3 टक्के, तर व्हॅल्यू 100 भागिले दोन्हींतला फरक 5 टक्के, म्हणजे 2000. ग्रोथ 4 केली की 2500! एका टक्क्यात व्हॅल्यू पाव हिश्श्याने वाढली. कायमची ग्रोथ अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा जास्त धरली असेल तर ते मॉडेल बघण्यातही अर्थ नाही.

आता शिकवणाऱ्यांचं. मोदिग्लियानी आणि मिलर यांचा 1958 चा सिद्धांत फळ्यावर सिद्ध करून पुढच्या चॅप्टरला जायचं, आणि पोरं घरी काय नेतात तर 'कर्ज किती घेतलं याने कंपनीच्या किमतीत काही फरक पडत नाही'. अहो, तो टॅक्स नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही, सगळ्यांना सारखीच माहिती, अशा जगातला निष्कर्ष आहे. एकेक अट काढा आणि काय बदलतं ते पोरांकडूनच काढून घ्या, टॅक्सचा हिशोब त्या दोघांनीच 1963 मध्ये सुधारला होता, तिथूनच सुरू करा. आणि परीक्षेत कोरी शीट देण्यापेक्षा वरच्यातल्या दोन-तीन चुका मुद्दाम पेरलेलं तयार मॉडेल द्या आणि शोधायला सांगा, व्याजवाली चूक बहुतेक सगळ्यात शेवटी सापडते.