लांबलचक सायकलिंग करिअर कसं वाचायचं (मारियान वोसला समोर ठेवून)

महिलांची रोड रेसिंग नव्याने बघायला लागलेली मंडळी एक गोष्ट हमखास करतात. कॉमेंट्रीत एखादं नाव सारखं ऐकू आलं की रिझल्ट्सची साइट उघडायची, एकूण विजय बघायचे, बापरे म्हणायचं आणि टॅब बंद. मारियान वोसचं पान असं उघडलंत तर डोळे दिपतील पण कळणार काहीच नाही, कारण वीस वर्षांचं करिअर म्हणजे एकच बाई वीस वर्षं तेच काम करत होती असं नसतं. माझं तर म्हणणं आहे की विजय शेवटी बघा, आधी दुसरे नंबर बघा आणि रिकाम्या जागा बघा.

सुरुवात वयापासून करा. वोसचा जन्म मे 1987 चा, नेदरलँड्सचा. 2004 मध्ये ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन आणि 2006 मध्ये साल्झबुर्गला थेट सीनिअर वर्ल्ड चॅम्पियन, म्हणजे वय 19. वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये वर्ष आणि शेजारी वय असं लिहून ठेवा, पुढे फार कामाला येतं, कारण 38 व्या वर्षीचा स्टेज विजय (स्टेज म्हणजे अनेक दिवसांच्या रेसमधला एका दिवसाचा टप्पा) आणि 19 व्या वर्षीचा विजय साइटवर अगदी सारखेच दिसतात, दोन्हीकडे नुसता 1.

मग प्रकार वेगळे करा. बरेच जण फक्त रोडचे रिझल्ट बघतात आणि इथेच वोस अर्धी हातातून निसटते. हिवाळ्यात ती सायक्लोक्रॉस करायची, चिखल, वाळू, सायकल खांद्यावर टाकून पळणं वगैरे, आणि त्यात तिची 8 वर्ल्ड टायटल्स आहेत, पहिलं 2006 चं, आठवं 2022 चं. बीजिंग 2008 चं ऑलिम्पिक गोल्ड ट्रॅकवरचं, पॉइंट्स रेसचं, म्हणजे ठरावीक लॅप्सना स्प्रिंट मारून गुण जमवायचे. आणि 2024 मध्ये ग्रॅव्हलची, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या रस्त्यांवरच्या रेसिंगची वर्ल्ड चॅम्पियन, ल्युव्हेनला, बेल्जियमच्या लोटे कोपेकीला मागे टाकून. म्हणून साइटवर सायक्लोक्रॉस, ट्रॅक जे काय वेगळे टॅब असतील ते सगळे उघडा आणि एकाच वर्षाखाली एकत्र लिहा, म्हणजे बाईला विश्रांती कधी मिळत होती हा प्रश्न आपोआप पडेल. त्याचं उत्तर पुढे येतंच.

आता माझा आवडता भाग, दुसरे नंबर. वर्ल्ड चॅम्पियनशिपची रोड रेस, ओळीने बघा: 2007 श्टुटगार्ट दुसरी, 2008 वारेसे दुसरी, 2009 मेंद्रिसिओ दुसरी, 2010 जिलाँग दुसरी, 2011 कोपनहेगन परत दुसरी. पाच वर्षं सलग सिल्व्हर!! आणि या पाचपैकी चार वेळा पुढे इटालियन बाई, त्यातही 2010 आणि 2011 ला तीच ती जॉर्जिया ब्रोंझिनी. असा पॅटर्न दिसला की लगेच नशीब वाईट म्हणून मोकळं होऊ नका, हरली कशी ते बघा. एवढी धोकादायक रायडर असली की तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो, ती हलली की दहा जणी चिकटतात, आणि शेवटी सगळा घोळका स्प्रिंटपर्यंत एकत्र पोचला की ब्रोंझिनीसारखी स्प्रिंटर भारी पडते. म्हणून 2012 ची फाल्केनबुर्गची रेस मुद्दाम बघा. घरचं मैदान, शेवटचा लॅप, काउबर्गचा चढ, आणि वोस स्प्रिंटची वाटच बघत नाही, चढावरच सुटते. पुढच्या वर्षी फ्लॉरेन्सला परत गोल्ड. हे दोन विजय त्या पाच सिल्व्हरशिवाय वाचले तर अर्धी मजा गेली समजा.

यानंतर रिकाम्या जागा. 2015 उघडा, जवळपास कोरं पान. हॅमस्ट्रिंगची दुखापत होती आणि त्यात शरीर पार थकलेलं, ओव्हरट्रेनिंग. मघाचा विश्रांतीचा प्रश्न आठवतोय ना, हे त्याचं उत्तर. उन्हाळा रोड, हिवाळा क्रॉस, मध्ये माउंटन बाइक, असं वर्षानुवर्षं चालल्यावर शरीराने एक दिवस बिल पाठवलं. कुठल्याही मोठ्या करिअरमध्ये असं वर्ष शोधाच, आणि सापडलं की त्याच्या आधीची दोन वर्षं किती रेस केल्या ते मोजा, नंतरची दोन वर्षं किती केल्या तेही मोजा.

एक गोष्ट लोक विसरतात, करिअर चालू असताना खेळच बदलत असतो. वोसने 2011, 2012 आणि 2014 ला इटलीचा जिरो (तिथली अनेक दिवसांची मोठी रेस) जिंकला तेव्हा महिलांसाठी टूर द फ्रान्स नव्हतीच. 2013 मध्ये ती आणि आणखी काही जणींनी त्यासाठी उघड मोहीम चालवली, 2014 ला पॅरिसच्या शाँझेलिझेवर ला कूर्स नावाची एक दिवसाची रेस मिळाली, जी जिंकली अर्थात वोसनेच. वरच्या फळीतल्या महिला टीम्सना किमान पगाराचा नियम आला तो 2020 मध्ये, वर्षाला 15,000 युरो. आणि आताची टूर द फ्रान्स फेम सुरू झाली 2022 ला, तेव्हा बाई 35 वर्षांची! त्यात दोन स्टेज, काही दिवस पिवळी जर्सी (एकूण वेळेत पुढे असलेलीची) आणि शेवटी हिरवी जर्सी (सर्वाधिक गुणांची). त्यामुळे तिने टूर कधीच का नाही जिंकली असं कोणी विचारलं तर शांतपणे तारखा दाखवा.

तिशीनंतरच्या वर्षांत टीमकडेही बघा. 2025 च्या टूरची पहिली स्टेज, प्लुमलेकचा चढ: टीममेट पॉलीन फेराँ-प्रेव्हो पुढे निघालेली, आणि अगदी शेवटच्या मीटरांत वोस मागून येऊन जिंकते, पिवळी जर्सी घेते. एकूण टूर मात्र जिंकली फेराँ-प्रेव्होने. रिझल्टमध्ये हे दोन वेगळ्या ओळींत आहे, पण एकत्र वाचलं तरच कळतं की आता वोसचं काम काय आहे, कुठे स्वतःसाठी खेळायचं आणि कुठे दुसरीसाठी.

एवढं झालं की मग दोन फिनिश पाठोपाठ बघा. पहिलं लंडन 2012 ऑलिम्पिकची रोड रेस, धो धो पाऊस, तिघी पुढे, द मॉल या रस्त्यावर स्प्रिंट, वोस गोल्ड, ब्रिटनची लिझी आर्मिटस्टेड सिल्व्हर. दुसरं पॅरिस ऑलिम्पिक 2024. वोस आणि हंगेरीची ब्लांका वास पुढे, मागून कोपेकी आणि अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर येतात, साधारण तीन किलोमीटर उरलेत, चौघी एकत्र होतात न होतात तोच फॉकनर न थांबता निघून जाते. आता उरलेल्या तिघींचे चेहरे बघा. मागे कोण लागणार? जी लागेल ती समोरचा वारा झेलत बाकीच्या दोघींना फुकट ओढून नेणार, म्हणून कोणीच धड लागत नाही आणि गोल्ड गेलं. मग सिल्व्हरसाठी स्प्रिंट, वोस दुसरी, कोपेकी केसभर मागे. बारा वर्षांनी परत ऑलिम्पिक रोड मेडल. मला विचाराल तर तिच्या निम्म्या विजयांपेक्षा ही सिल्व्हर भारी.

लाइव्ह बघायचं असेल तर उन्हाळ्यातल्या युरोपच्या रेस आपल्याकडे संध्याकाळी-रात्री येतात, ऑफिस बुडत नाही. फक्त शेवटच्या दहा मिनिटांना टीव्ही लावू नका, निदान तासभर आधीपासून बघा, कारण कोण कोणासाठी राबतंय ते तेव्हाच दिसतं.

आता हीच पद्धत दुसऱ्या कोणावर तरी लावून बघा, मी नेदरलँड्सचीच अनेमिक व्हान व्ल्यूटेन सुचवेन, कारण तिचं करिअर बरोबर उलटं आहे, सुरुवात उशिरा आणि बहुतेक सगळं मोठं तिशीनंतर. 2022 ला जिरो, टूर आणि वोलाँगाँगला वर्ल्ड टायटल, तेही फ्रॅक्चर झालेल्या कोपराने, शेवटच्या किलोमीटरमध्ये एकच अटॅक मारून. टोकियो ऑलिम्पिकच्या रोड रेसमध्ये नुसतं 2 दिसेल, पण लाइन ओलांडताना तिने हात वर केले होते, कारण ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर आधीच पोचलीय हे तिला माहीतच नव्हतं. आणि 2016 च्या रिओसमोर फक्त डीएनएफ (रेस पूर्ण केली नाही) असेल, ती रेस शेवटच्या चढापासून लावा, ती पुढे असते, मग उतार सुरू होतो.