माळ्यावरचा पांगुळगाडा बाळाला देण्याआधी

बाळ धरून उभे राहू लागले की माळ्यावरचा जुना पांगुळगाडा खाली येतो. त्याची आडवी दांडी बाळाच्या नेमकी तोंडाशी येते, आणि दात येत असताना बाळ ती चावणारच. दांडीवर जुना पिवळा, नारिंगी किंवा लाल ऑइलपेंट असेल तर त्यात शिसे असू शकते. जुन्या झळझळीत पिवळ्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे पिवळे रंगद्रव्य, सापडते. हिरवाही संशयितच, कारण तो अनेकदा याच पिवळ्यात निळा मिसळून केलेला असतो.

भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची तपासणी केल्याशिवाय खात्री धरू नका. १०० मिलिग्रॅमची, म्हणजे नखाएवढी खपली बाळाने गिळली असे समजा. रंगात एक टक्का शिसे असेल तर तिच्यातून १००० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. ९० पीपीएमच्या रंगातून गेले असते ९.

१. आधी नुसते बघा. गाडा बाळापासून दूर ठेवा. दांडीवरचे दातांचे व्रण, मगरीच्या पाठीसारख्या भेगा, बोटाला लागणारी पूड शोधा. चाक आसावर घासते तिथे रंगाची बारीक भुकटी साठते. खपली उडालेल्या कडेला खालचे थर दिसतात: वर नवा निळा, खाली जुना पिवळा.

२. शिसे ओळखणारे घरगुती किट वापरा, पण बेताने. हातमोजे घाला, खाली वर्तमानपत्र पसरा, जागा ओली करा आणि ब्लेडने लाकडापर्यंत तिरकी खाच पाडा. वरचाच थर पुसला तर खालचे शिसे निसटते. किटमधला ऱ्होडिझोनेटचा (शिशाशी रंग बदलणारे रसायन) बोळा खाचेत घासल्यावर शिसे असेल तर गुलाबी-लाल होतो. लाल रंगाच्या खेळण्यावर हा निकाल धरू नका, रंगच बोळ्याला लागतो. क्रोमेटचा पिवळा सावकाश उमटतो, म्हणून काही तासांनी पुन्हा पाहा. बोळा कोरा राहिला म्हणजे खेळणे सुरक्षित, असेही नाही. किटला ९० पीपीएमइतके थोडे शिसे कळतच नाही.

३. खात्री प्रयोगशाळेत. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला ‘रंगातील एकूण शिसे’ तपासून देता का, असे विचारा. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी तपासणाऱ्या यंत्राने खेळणे न खरवडता अंदाज मिळतो.

४. शिसे निघाले तर घासू नका. इथेच लोक चुकतात. सॅंडपेपर मारून नवा रंग द्यावा असे वाटते. पण कोरड्या घासण्याने घरभर धूळ होते आणि रांगत्या बाळाच्या हातातून ती तोंडात जाते. वरून नवा रंग चढवला तरी चावणारे दात खालच्या थरापर्यंत पोचतात. हीट गनही नको. गाडा जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा, वर ‘शिशाचा रंग’ असे लिहा आणि पालिकेच्या घरगुती घातक कचऱ्यात द्या. बंबात किंवा होळीत टाकू नका, शिसे धुरातून आणि राखेतून परत येते. कुणाला देऊनही टाकू नका.

जिथे गाडा होता तिथली फरशी साबणाच्या पाण्याने पुसा. झाडू मारला की धूळ उडते. बाळाचे हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरने शिसे जात नाही.

नवे खेळणे घेताना आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचे आहे, मात्र नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून सावंतवाडीची लाकडी फळे घेताना चिन्ह नसले तर बिचकू नका, पण रंग कोणता वापरला हे कारागिराला जरूर विचारा. तान्ह्या मुलाला बिनरंगाचे गुळगुळीत लाकूड सर्वांत बरे.

५. बाळाने आधीच चावले असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, बहुतेकदा ती दिसतच नाहीत. बालरोगतज्ज्ञांना रक्तातील शिशाची चाचणी मागा. रक्ताच्या डेसिलिटरमागे (१०० मिलिलिटर) ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आले तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोह व कॅल्शियम कमी असलेले मूल शिसे जास्त शोषते, म्हणून तेही तपासून घ्या. बोट टोचून केलेल्या चाचणीत आकडा जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासा, कारण बोटाला लागलेली धूळही आकडा वाढवते.