जुनी कंबरदुखी: बरं वाटेल त्या दिवशीही घड्याळ लावूनच चाला

दिवसभर ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसात खुर्ची, संध्याकाळी ठाणे स्टेशनचे जिने, घरी आल्यावर ओटा. कंबर धरते, बाम होतो, गोळी होते, पण दुखणं हटत नाही. तीन महिन्यांपुढे टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात.

आधी डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेच्या आतल्या भागात बधिरपणा येणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दुखण्यासोबत ताप असेल किंवा वजन विनाकारण उतरत असेल, तर तेही सांगायला विसरू नका. पेनकिलर मनानेच रोज घेऊ नका, पोट आणि किडनी दोन्हींना त्रास होतो.

काही गंभीर निघालं नाही, तरी वेदना खरीच असते. मज्जासंस्था जास्त सावध झालेली असते आणि साध्या हालचालीलाही धोका समजते. एमआरआयमधली ‘गादी झिजलीय’ ही ओळ वाचून धसका घेऊ नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत अशी झीज दिसली होती.

आता खरं काम, आणि इथेच बहुतेकांचं बिघडतं. एक दिवस बरं वाटतं, म्हणून तलावपाळीला तीन फेऱ्या होतात, वर माळाही आवरला जातो. पुढचे दोन दिवस अंथरुणात. असं वारंवार झालं की चालायचीच भीती बसते. म्हणून वाईट दिवशीही दुखणं न वाढता किती मिनिटं चालता येतं ते बघा. दहा असतील तर आठपासून सुरुवात करा. मोबाइलवर टायमर लावा आणि आठ म्हणजे आठच, कितीही हुरूप आला तरी. जमलं तर आठवड्याने एक मिनिट वाढवा. ओट्याशीही हेच: भाजी बसून चिरा, पोळ्या लाटताना एक पाय पाटावर ठेवा, थोड्या वेळाने बदला.

दिवसातून दोनदा पाच मिनिटं श्वासाला द्या. नाकाने चार मोजत घ्या, सहा मोजत सावकाश सोडा. लोकलमध्ये सीट मिळाली तर तिथेही जमतं. ‘आता हे कधीच बरं होणार नाही’ हा विचार आला की शरीर आखडतं. त्या वेळी खांदे आणि जबडा सैल सोडा. झोपेची वेळ पाळा, अपुऱ्या झोपेने वेदना जास्त जाणवते.

दुखणं मध्येच उसळेल. तेव्हा चालणं बंद न करता निम्म्यावर आणा, शेक घ्या, दोन-तीन दिवसांत हळूहळू पूर्ववत करा. घरच्यांनी “आई, तू बस, मी करते” म्हणत सगळंच काम हातातून काढून घेऊ नये. जड बादली तेवढी उचलावी. रोजची मिनिटं वहीत लिहा आणि फिजिओथेरपिस्टकडे जाताना ती वही सोबत न्या.